एकच वाट

इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड परगण्यातलं न्यू हार्टली हे कोळसा खाणकामगारांचं छोटं गाव. इथल्या हेस्टर खाणीत उतरायला आणि वर यायला एकच शाफ्ट होता, जेमतेम बारा फूट रुंदीचा. मधोमध लाकडी पडदी घालून त्यातूनच हवा खेळवायची, पाणी उपसायचं, माणसं आणि कोळसाही वर काढायचा. दुसरा शाफ्ट खणायचा तर खर्च! १६ जानेवारी १८६२ रोजी सकाळी पाळी बदलत असताना पाणी उपसणाऱ्या इंजिनाची प्रचंड बिडाची तुळई मोडली. तिचा सुमारे वीस टनांचा तुकडा शाफ्टमध्ये कोसळला आणि वाट बुजली. बचाव पथक आत पोहोचलं तेव्हा सहा दिवस उलटले होते. विषारी वायूनं आत अडकलेले सगळे आधीच गेले होते. एकूण २०४ बळी, त्यांत दहा-बारा वर्षांची पोरंही. एका मृताच्या खिशातल्या वहीत दुसऱ्या दिवशीची, शुक्रवार दुपारची नोंद मिळाली: काहीजण फार आजारी पडले आहेत, आम्ही प्रार्थना केली. म्हणजे दुर्घटनेनंतर दिवसभर तरी ते जिवंत होते, ही गोष्ट वाचताना आजही जीव कासावीस होतो. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं नव्या खाणींना दोन स्वतंत्र वाटा सक्तीच्या केल्या. जुन्या खाणींना १८६४ अखेरपर्यंतची मुदत मिळाली.