शिसव घाटातली, गिटार अकूस्टिक

इलेक्ट्रिकवर बसलेला हात अकूस्टिककडे वळवताना:

• तारा : इलेक्ट्रिकची पहिली तार बहुधा ०.००९ किंवा ०.०१० इंच, अकूस्टिकची ०.०१२. इलेक्ट्रिकची तिसरी तार साधी, अकूस्टिकची वेढ्यांची, ओढायला जड. सुरुवातीला ०.०११ चा संच बरा.

• नटपाशी रुंदी : इलेक्ट्रिक सुमारे ४२-४३ मिमी, अकूस्टिक ४३-४५, नायलॉन तारांची क्लासिकल ५२.

• लाकूड : वरची पाटी स्प्रूस किंवा सीडरची. मागची पाटी आणि बाजू अनेकदा शिसवीच्या. शिसव (डाल्बर्जिया लॅटिफोलिया) हे जोयडा तालुका ज्यात येतो त्या पश्चिम घाटातले झाड. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझिलियन शिसवीऐवजी भारतीय शिसव वापरायला घेतली. २ जानेवारी २०१७ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या खरेदी-विक्रीवर बंधने घालणाऱ्या साइटिस कराराच्या परिशिष्ट २ मध्ये. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट.

• ओल : गिटारीला मानवते ती ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. जोयड्याच्या पावसाळ्यात हवा याहून कितीतरी ओली. पाटी फुगते, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात. अखंड लाकडाची पाटी जास्त फुगते, थरांची कमी. पेटीत सिलिका जेल ठेवावे.