व्यायाम लिहून देणारा देश

ब्रिस्बेन : व्यायामशास्त्र शिकण्यासाठी मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला असे कळले की तो परत येऊन शाळेत पी.टी.चा सर होणार किंवा एखाद्या संघाबरोबर हिंडणार, असा समज पुणे-नगर रस्त्यावरील सुप्यात होतो. पण या पदवीधरांचा मोठा वर्ग येथे मैदानावर नव्हे, तर मधुमेही, हृदयरोगी आणि कामावर जायबंदी झालेल्या माणसांसोबत काम करतो, हे सुप्यातील पालकांपर्यंत पोहोचलेले नाही.

व्यायामशास्त्र म्हणजे श्रम करताना हृदय, फुप्फुसे, स्नायू आणि चेतासंस्था यांत काय घडते, याचा अभ्यास होय. तीन वर्षांच्या पदवीत प्रत्यक्ष कामाचे १४० तास पुरे करणारा विद्यार्थी निरोगी व्यक्तींना व खेळाडूंना मार्गदर्शन करू शकतो. साधारण आणखी एका वर्षाचे शिक्षण घेऊन रुग्णांसोबत ३६० तास काम करणारा मात्र ‘एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट’, म्हणजे आजारी माणसाला व्यायाम ठरवून देणारा तज्ज्ञ, म्हणून व्यावसायिक संघटनेची मान्यता मिळवतो. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यात त्याच्या सेवेला २००६पासून स्थान आहे.

असा तज्ज्ञ मधुमेही रुग्णाचा रक्तदाब मोजतो, पायांवरील संवेदना तपासतो, अर्ध्या मिनिटात रुग्ण खुर्चीवरून किती वेळा उठू शकतो ते पाहतो आणि मग आठवड्यातून किती दिवस, किती मिनिटे, किती दम लागेपर्यंत चालायचे व कोणत्या लक्षणाला थांबायचे, हे लिहून देतो. सुप्यातील रुग्णाला ‘रोज चालत जा’ एवढेच सांगितले जाते. तो पुणे-नगर रस्त्याच्या कडेने, मालमोटारींच्या धुरळ्यात, साध्या चपलांवर चालू लागतो, आठ दिवसांत गुडघा धरतो, चालणे सुटते आणि दोष त्याच्या आळसाला दिला जातो. औषधाची मात्रा न सांगता गोळी देणे कोणाला पटणार नाही. व्यायामाच्या बाबतीत मात्र ते निमूट चालवून घेतले जाते.

जपानी उद्योगांसाठी वेगळा भाग राखलेल्या सुप्याच्या एमआयडीसीत ही उणीव अधिक खटकते. ऑस्ट्रेलियात कामगाराची कंबर धरली तर व्यायामतज्ज्ञ कारखान्यात जाऊन कामगार किती किलोचे वजन, किती उंचीवर, पाळीत किती वेळा उचलतो हे मोजतो आणि तेवढी ताकद परत येईल असा व्यायाम टप्प्याटप्प्याने आखतो. आपल्याकडे विश्रांती, गोळ्या आणि कमरेचा पट्टा एवढ्यावर कामगार पुन्हा त्याच यंत्रापुढे उभा राहतो.

पोलीस भरतीच्या मुलांचे दुखणे याहून जिव्हारी लागणारे आहे. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला असल्याने, जाहिरात निघताच गावोगावची मुले पहाटे डांबरी रस्त्यावर रोज पूर्ण वेगाने पळू लागतात. नडगी दुखते, तरी तेल चोळून पळतात, आणि त्यांतल्या काहींच्या हाडाला पुरेशा विश्रांतीअभावी बारीक चीर जाते. भार हळूहळू वाढवावा व कष्टाच्या दिवसानंतर हलका दिवस ठेवावा, हा नियम तालमीतला वस्ताद नव्या पोराला जोर-बैठका सांगताना पाळतो. भरतीच्या मुलाला तो सांगणारे कोणी नाही.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चे असून त्याच्या पथकाने १९३६मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. त्याच वर्षी बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली मराठी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे प्रकाशन सुरू झाले आणि १९४९पर्यंत त्याचे दहा खंड पुरे झाले. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये एकही सुवर्णपदक न मिळाल्याची बोच लागलेल्या ऑस्ट्रेलियाने आपली राष्ट्रीय क्रीडासंस्था कॅनबेरात उभारली ती १९८१मध्ये. उशिरा निघालेला हा देश पुढे गेला, कारण त्याने ज्ञानाला रुग्णसेवेतले पद जोडले. आपल्याकडे बी.पी.एड.ची वाट शाळेकडे जाते, प्राथमिक आरोग्य केंद्राकडे नाही.

ऑस्ट्रेलियाची व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. दीर्घ आजाराच्या योजनेत वर्षाला पाचच भेटींना सवलत मिळते, त्याही आहारतज्ज्ञ व इतर उपचारकांमध्ये वाटून घ्याव्या लागतात आणि उरलेले शुल्क बहुधा रुग्णाच्या खिशातून जाते. परंतु पाच भेटींची तजवीज आणि एकाही भेटीची तजवीज नसणे यांत फार अंतर आहे. ‘पोरगा शिकून काय होणार?’ हा सुप्यातील पालकांचा प्रश्न रास्तच आहे, आणि त्याचे उत्तर पोराने नव्हे, तर ग्रामीण रुग्णालयाच्या पदांच्या यादीने द्यायचे आहे. तेथे व्यायामतज्ज्ञाची एक जागा निघाली, तर ब्रिस्बेनला शिकलेल्या मुलाला सुप्याला परतण्यासाठी दुसरे कारण शोधावे लागणार नाही.