न मागतां आलेला पैसा

“आतां ह्या बायकांना घरबसल्या दरमहा पैसे मिळणार, मग उद्यां आपल्याकडे पोळ्या करावयास कोण येणार?” २०२४ च्या ऑगस्टांत छत्रपति संभाजीनगरांतील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंतील, आमच्या घरीं रात्रीच्या पंक्तींत हा प्रश्न निघाला. विचारणारे होते आमचे थोरले दीर. सासूबाईंचें म्हणणें, दान करावें तें सत्पात्रीं, आणि पात्रापात्र पाहण्यास सरकारला वेळ कोठला? धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, “पैसे नवऱ्याच्या हातीं जातील आणि तेथून गुत्त्यावर.” मींहि त्या वेळीं मान डोलावली होती, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

विषय होता ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा. २८ जून २०२४ रोजीं राज्याच्या अर्थसंकल्पांत ती जाहीर झाली. ज्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आंत आहे, त्यांतील २१ ते ६५ वर्षें वयाच्या पात्र स्त्रीच्या स्वतःच्या बँकखात्यांत दरमहा १५०० रुपये जमा व्हावयाचे. जुलै व ऑगस्ट ह्या दोन महिन्यांचे मिळून ३००० रुपये राखीपौर्णिमेच्या सुमारास पहिल्यानें जमा झाले, आणि पुढें लाभार्थी स्त्रियांची संख्या दोन कोटींच्या वर गेली.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंना मुलें मावशी म्हणतात. त्या मुकुंदवाडीहून येतात. नवरा गवंड्याच्या हाताखालीं. काम असेल त्या दिवशीं मजुरी, नसेल त्या दिवशीं उसनवारी. पहिले तीन हजार आले तेव्हां मावशींनीं वाण्याची उधारी फेडली आणि धाकट्या मुलीला चष्मा करून दिला. ती मुलगी दोन वर्षें फळ्यावरील मजकूर शेजारच्या मुलीच्या वहींतून उतरवून घेत होती, हें आम्हांला तेव्हां कळलें. पोळ्या करावयास मावशी दुसऱ्या दिवशींहि आल्या आणि आजतागायत येतात. १५०० रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. तेवढ्यांत कोणी घरबसल्या संसार करीत नाहीं, हा साधा हिशेब त्या रात्रीं पंक्तींत कोणीच केला नव्हता.

गुत्त्याची भीतीहि अशीच. जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनीं २०१४ सालीं निरनिराळ्या देशांतील रोख मदतीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हां अशा मदतीमुळें दारू-तंबाखूवरील खर्च सहसा वाढत नाहीं, असेंच त्यांना आढळलें. मेक्सिको देशानें १९९७ सालीं गरीब कुटुंबांसाठीं अशी योजना काढली, तेव्हां पैसे मुलांच्या आईच्या हातीं देण्याचेंच ठरविलें होतें.

परंतु रोख पैसा म्हणजे सर्व दुःखांवर औषध, असें मात्र नव्हे. मावशींचे बंधु फुलंब्री तालुक्यांत कोरडवाहू शेती करतात. त्यांचें रेशनकार्ड केशरी. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं पोळलेल्या मराठवाडा-विदर्भांतील १४ जिल्ह्यांत अशा शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून माणशीं दरमहा ५ किलो धान्य मिळत असे. गहूं २ रुपये किलो आणि तांदूळ ३ रुपये. २०२३ च्या जानेवारीपासून त्याऐवजीं माणशीं दरमहा १५० रुपये देण्याचें ठरलें. २०२४ सालीं ते १७० झाले. मीं मावशींना विचारलें, ह्यांत बरें कोणतें? त्या म्हणाल्या, “वहिनी, पैशाची ज्वारी घेतां येते, आमच्याकडं भाकरीच लागते. पण पांच किलो धान्य घरांत आलं कीं तें पांचच किलो राहतं. पैसा बाजारांत गेला कीं आटतो.” महागाईची इतकी सोपी फोड मीं कॉलेजांतहि ऐकली नव्हती.

मला खरा धडा मिळाला तो मात्र त्यानंतर. २०२५ च्या सप्टेंबरांत लाडकी बहीण योजनेसाठीं ई-केवायसी, म्हणजे ओळखीची संगणकीय पडताळणी, सक्तीची झाली. तींत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकहि मागितला जाऊं लागला. ज्यांना दोघेहि नाहींत अशा स्त्रियांसाठीं पुढें निराळी सोय करावी लागली. मावशींच्या नवऱ्याच्या आधाराशीं जोडलेला मोबाइल क्रमांक केव्हांच बंद पडलेला. मग ओटीपी येणार कोठें? पडताळणी अपुरी राहिली आणि पुढें हप्ता आला नाहीं.

मावशींनीं माझ्याकडे हजार रुपये उचल मागितली. मीं अगदीं सहज विचारलें, “कशाला हवेत?” पदर सांवरीत त्या हळूच म्हणाल्या, “पोरीची फी भरायची आहे.” पैसे मीं दिले, परंतु त्यांचा तो चेहरा रात्रभर डोळ्यांपुढून हलेना. इतके महिने त्या खात्यानें त्यांना हा प्रश्न एकदांहि विचारला नव्हता. सासूबाईंना हें सांगितलें, तेव्हां त्या थोडा वेळ गप्प बसल्या. डाळीच्या डब्यांत चार पैसे लपवून ठेवण्याची त्यांची संवय घरांत सर्वांना ठाऊक आहे. मग म्हणाल्या, “माझ्या वेळीं माझ्या नांवाचें खातें असतें, तर डबा कशाला लागला असता?” दानाची गोष्ट त्यांनीं पुन्हा काढली नाहीं.

आरंभीं ह्या योजनेस वर्षाला ४६,००० कोटी रुपये लागतील असा सरकारचा अंदाज होता. एवढ्या पैशाचा हिशेब करदात्यांनीं अवश्य मागावा, अपात्रांनाहि वगळावें. परंतु चाळण अशी असावी कीं खडे निघावे, दाणे नव्हेत. अमुक तारखेला अमुक रक्कम येणारच, ही खात्री असेल तरच गरिबाला पुढच्या महिन्याचा विचार करतां येतो. खात्री गेली कीं तोच पैसा पुन्हा कृपेचा होतो.

सरकारचें सरकारनें पाहावें. घरचें आपण पाहूं. आमच्या थोरल्या दिरांनींच एक सकाळ खर्चून मावशींच्या नवऱ्याला आधार केंद्रावर नेलें आणि नवा क्रमांक जोडून आणला. मावशींचा पगार आतां दर एक तारखेला त्यांच्या खात्यांत जातो; पूर्वीं तो आमच्या सोयीनें कधीं पांचला, कधीं दहाला होत असे. आणि उचल मागितली तर “कशाला?” म्हणून विचारावयाचें नाहीं, असें सासूबाईंनीं सर्वांना बजावलें आहे.