डेट्रॉइटचा एर्नी हार्वेल

स्वतः कधीही डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाकडून न खेळलेल्या एर्नी हार्वेल यांच्या अंत्यदर्शनासाठी ६ मे २०१० रोजी मिशिगन राज्यातील डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्क मैदानात दहा हजारांहून अधिक लोक आले. या गर्दीचे कारण रेडिओवरील बेसबॉल समालोचनाच्या स्वरूपात शोधावे लागते. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम वसंतापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत चालतो आणि त्यात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यामुळे समालोचकाचा आवाज सहा महिने जवळजवळ रोज घरात, मोटारीत आणि कारखान्यात ऐकू येतो. हार्वेल यांनी १९६० ते २००२ या काळात, १९९२चा अपवाद वगळता, टायगर्सच्या सामन्यांचे वर्णन केले.

दोन चेंडूंमधला वेळ शब्दांनी भरून काढण्याचा मोह त्यांनी नेहमी टाळला. प्रेक्षकांचा कोलाहल श्रोत्याला थेट ऐकू येऊ द्यावा, ही त्यांची शिस्त होती आणि आजच्या समालोचनात तीच सर्वाधिक दुर्मीळ झाली आहे. फाउल बॉल, म्हणजे मैदानाच्या सीमारेषांबाहेर गेलेला फटका, प्रेक्षकांत पडला की तो मिशिगनमधल्या अमुक गावच्या गृहस्थांनी झेलला, असे ते सांगत. गावाचे नाव अर्थातच मनाने घेतलेले असे, आणि श्रोत्यांनाही ते ठाऊक होते. तरीही आज आपल्या गावाची पाळी येईल या आशेने लोक कान देऊन बसत. मोटार उद्योगाच्या पडझडीत डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मधील सुमारे साडेअठरा लाखांवरून २०१० पर्यंत सात लाखांच्या आसपास आली, शहर आणि उपनगरे वर्णभेदाच्या रेषेवर दुभंगली. अशा प्रदेशात दोन्हीकडे सारख्याच आपुलकीने ऐकला जाणारा आवाज फार मोलाचा होता.

जॉर्जिया राज्यात १९१८ साली जन्मलेल्या हार्वेल यांना १९४८ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या संघाने मिळवले ते अटलांटाच्या संघाला क्लिफ डॅपर हा यष्टिरक्षकासारखी जबाबदारी असणारा ‘कॅचर’ देऊन. खेळाडूच्या बदल्यात समालोचक घेतल्याचे हे विलक्षण उदाहरण आहे. टायगर्सने १९९१चा हंगाम त्यांचा अखेरचा असेल असे जाहीर केले, तेव्हा चाहते संतापले, आणि माइक इलिच यांनी संघ विकत घेतल्यानंतर १९९३ मध्ये हार्वेल परतले. श्रोत्यांचा त्यांच्यावरील हक्क त्या वेळी प्रथम उघडपणे दिसला.

सप्टेंबर २००९ मध्ये पित्तनलिकेचा, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग झाल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच महिन्याच्या १६ तारखेला, कॅन्सस सिटीविरुद्धचा सामना चालू असताना, ते मैदानावर उभे राहिले आणि त्यांनी थोडक्या शब्दांत चाहत्यांच्या निष्ठेबद्दल व प्रेमाबद्दल आभार मानले. आजाराबद्दल तक्रार केली नाही, उलट आपला दीर्घ प्रवास मिशिगनमध्ये संपणार आहे, हे त्यांनी भाग्य मानले. ४ मे २०१० रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले.