फायलींना ऊन दाखवताना

बाबांच्या फडताळात एक फ्लॉपी सापडली. काळी, साडेतीन इंची, चिकटवलेल्या कागदावर निळ्या शाईत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: 'आठवणी – अंतिम'. बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं रोज सकाळी वहीत लिहायचे. 2001 साली गावातल्या डीटीपीवाल्याकडून त्यांनी सगळं टाइप करून घेतलं. वही पुढे घर बदलताना कुठेतरी गेली. मग बाबाही गेले. उरली ही फ्लॉपी, 1.44 एमबीची. आज फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात मावायचा नाही, पण बाबांची एकतीस वर्षांची नोकरी तिच्यात मावली होती.

फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळवण्यात तीन आठवडे गेले. शेवटी जुन्या बाजारात एक मिळालं, ते लॅपटॉपला जोडलं. घरघर करत फाइल उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरं, डोक्यावर टिंबं असलेले परके स्वर, पौंडाची चिन्हं, मध्येच एखादा कंस असं काहीतरी दिसलं. चाळीस पानं नुसती तशी. एक शब्द मराठी नाही. मी पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत गेले आणि परत वर आले, जणू कुठेतरी बाबा दिसतील.

तुम्ही आत्ता दिवाळी अंक वाचताय म्हणून सांगते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो 1909 साली. त्याची प्रत आज कुणाच्या हाती लागली, तर चष्मा लावून सरळ वाचता येते. आणि 2001 सालची माझ्या बाबांची फाइल वाचता येत नव्हती. आपण मराठी माणसं गेली पंचवीस-तीस वर्षं यंत्रांवर इतकं लिहीत, बोलत, फोटो काढत आलो. त्यातलं काय हाती राहिलं आणि काय निसटलं, याचा हिशोब मी त्या दिवसापासून मांडते आहे.

फाइल अशी का झाली, ते समजून घेताना एक साधी गोष्ट कळली. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर, हे आधी ठरलेलं असावं लागतं. त्या काळात डीटीपीसाठी जे मराठी फाँट चालत, त्यांतल्या बहुतेकांनी इंग्रजी अक्षरांच्या जागा उसन्या घेतलेल्या होत्या. संगणक इंग्रजीच साठवत होता. फाँट तेवढा वरून देवनागरीचं चित्र दाखवत होता. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तो फाँट संगणकावर नसला की चित्र उतरतं आणि खालचं उसनं इंग्रजी उघडं पडतं. म्हणजे बाबांचे शब्द फाइलमध्ये होतेच, त्यांची किल्ली तेवढी हरवली होती.

आणि हे टाळता येण्यासारखं होतं, याचं मला फार वाटतं. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली 1988 साली. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे एकच सांकेतिक प्रमाण 1991 मध्ये ठरलं. त्याच वर्षी युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या प्रमाणाची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःच्या 128 जागा मिळाल्या. कुणाच्या उसन्या नाहीत, आपल्या. 2000 सालच्या विंडोजबरोबर 'मंगल' हा युनिकोड फाँट आला. तो घडवला होता र. कृ. जोशी यांनी. सुलेखनात हयात घालवलेले, मराठीत कविता लिहिणारे जोशी. कोट्यवधी लोकांनी संगणकावर पाहिलेलं पहिलं देवनागरी अक्षर त्यांच्या हाताचं आहे, आणि त्यांचं नाव आपल्या शाळांत कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. पण डीटीपीच्या दुकानांत, छापखान्यांत जुने फाँट पुढेही कितीतरी वर्षं चालत राहिले. हात बसलेला, सॉफ्टवेअर विकत घेतलेलं, छपाई झकास येते. मग बदलायचं कशाला? बाबांच्या डीटीपीवाल्याचा यात दोष नाही. त्याला पानं छापून द्यायची होती. ती कुणी वीस वर्षांनी उघडेल, हा विचार त्याच्याकडे कुणी मागितलाच नव्हता.

एका जुन्या छापखान्यातल्या मुलाने फाँट ओळखला आणि फाइल युनिकोडमध्ये आणून दिली. पैसे घ्यायला तयार नव्हता. त्याने समजावलेली एक गोष्ट मी विसरणार नाही. 'किती' लिहिताना आपला हात आधी वेलांटी काढतो, मग क. जुने फाँट तसंच साठवत, हाताच्या क्रमाने. युनिकोड तोंडाच्या क्रमाने साठवतं: आधी क, मग वेलांटी. म्हणून जुन्या फायली बदलताना प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी उचलून अक्षराच्या मागे न्यावी लागते, आणि जोडाक्षर असेल तर यंत्र हमखास चुकतं.

पण बाबांच्या मजकुरात खरी पडझड झाली ती वेगळीकडे. एस.टी.चा माणूस, त्याच्या लिखाणात फेऱ्या असणारच. वाढीव फेऱ्या, रद्द फेऱ्या, आषाढीच्या जादा फेऱ्या. रूपांतरात त्या सगळ्या 'फेर्या' झाल्या. पायऱ्यांच्या 'पायर्या', दऱ्यांच्या 'दर्या'. अर्ध्या र ची ती आडवी, चंद्रकोरीसारखी रेघ मराठीची खास. हिंदीत तिची गरज पडत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या व्यवस्थेत ती निसटते. आपल्याला मात्र तिच्यावाचून चालत नाही: आचार्याला दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्याला स्वयंपाकाचे पैसे. एकशे चौदा ठिकाणी मी ती रेघ हाताने परत घातली. महिनाभर रोज रात्री तेच केलं, आणि बाबा हयात असताना कधी वाचलं नाही इतकं सावकाश त्यांना वाचलं. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावरून परतणाऱ्या बायका गाडीत चढायच्या, त्यांच्या पदराला कामावर खायला मिळालेली सुकडी बांधलेली असायची. बाबांनी लिहिलं होतं की त्या वासाने त्यांना आजही भूक लागते.

हा घोळ जुन्या फाँटांपुरता संपलाय असंही नाही. 'ॲप' हा शब्द घ्या. त्यातला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला 2008 साली. त्याआधी लोक अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवत, काही कळफलकांवर अजून ठेवतात. दिसायला दोन्ही सारखे, आत आकडे वेगळे. एकाने लिहिलेला 'ॲप' दुसऱ्याने शोधला तर सापडेलच याची खात्री नाही. डॉक्टर, बँक, ऑफिस धड. ॲसिडिटी आणि ॲडमिशन मात्र बेपत्ता.

मोबाइलवर मराठी लिहायला आपण उशीर का केला, याचंही एक कारण पैशातलं होतं. एसएमएसमध्ये रोमन अक्षरं 160 मावत, देवनागरी फक्त 70. त्यापलीकडे गेलं की दुसऱ्या एसएमएसचे पैसे. मग माणसं रोमनमध्ये मराठी लिहायला लागली आणि एका पिढीचा हात तसाच बसला. माझा भाचा अजूनही तसंच लिहितो. त्याचा 'bara' बारा की बरा, हे संदर्भावरून ओळखावं लागतं. त्याला मी दोष देत नाही. 2017 साली गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून लिहायची सोय आली आणि आमच्या घरात सगळ्यात आधी देवनागरीकडे वळली ती आई. चौथी शिकलेली. फोन तोंडासमोर धरून ती शब्द न शब्द सुटा बोलायची, आणि पडद्यावर उमटलेली ओळ बोट ठेवून वाचायची.

लिहिणं सोपं होत गेलं तसं ठेवायच्या जागा मात्र एकेक करून उठल्या. 2009 साली जिओसिटीज बंद झालं. माणसांनी स्वतः उभी केलेली पानं त्याबरोबर गेली. ऑर्कुट 2004 मध्ये आलं आणि 30 सप्टेंबर 2014 ला संपलं. गूगल प्लस 2019 मध्ये, याहू ग्रुप्स 2020 मध्ये. मायस्पेसवर बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना नाहीसं झालं, हे 2019 मध्ये उघड झालं. आता गूगलने दोन वर्षं न वापरलेली खाती पुसायचं धोरण केलं आहे. कंपन्यांनी बहुतेक वेळा आधी कळवलं, मुदत दिली, हे खरं. पण ज्या ईमेलवर कळवलं तो पत्ता माणसाने कधीच सोडलेला असतो. सॅन फ्रान्सिस्कोतलं इंटरनेट अर्काइव्ह 1996 पासून वेबची पानं जमेल तशी साठवतं आहे, म्हणून थोडंफार राहिलं. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून उभा आहे तो स्वयंसेवकांच्या बळावर. या लोकांचं ऋण आपण पुरेसं मानत नाही असं मला मनापासून वाटतं.

मग व्हॉट्सॲप. घरातलं बारसं, तेरावं, पत्रिका, औषधाची चिठ्ठी, भाजीची यादी, सगळं तिथे. त्याची ताकद मी कमी लेखत नाही. दुबईतल्या भावाला आईचा चेहरा रोज दिसत होता तो त्याच्यामुळे. पण 1 जुलै 2018 ही तारीख मी विसरू शकत नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्याआधी कितीतरी दिवस फोनाफोनांतून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तेव्हापासून 'पुढे पाठवा' असं लिहून आलेलं काहीही मी पुढे पाठवत नाही, आणि नातेवाइकांना तसं तोंडावर सांगते. दोघांनी बोलणं टाकलं होतं. पुन्हा बोलायला लागले.

आईचे आवाजी निरोपही त्याच व्हॉट्सॲपवर, माझ्या फोनमध्ये होते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, हे तिने चार मिनिटं सांगितलेलं. मध्येच कुकरची शिट्टी, आणि "थांब गं, गॅस बारीक करते". फोन पाण्याच्या पिंपात पडला. बॅकअप सुरू करायचं मी 'रविवारी बघू' म्हणून ठेवलं होतं. चार मिनिटांतला एक शब्द परत आला नाही. आई जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

माणूस गेल्यावर त्याच्या खात्यांचं काय, हा प्रश्न आता घराघरात येतो आहे. बाबा गेले तेव्हा पेटी उघडली, कागद निघाले. आज कागद कुलुपात आणि कुलूप अंगठ्याच्या ठशात. गूगलमध्ये 2013 पासून सोय आहे: खातं ठरावीक महिने निपचित राहिलं की तुम्ही नेमलेल्या माणसाला कळतं आणि हवं ते उतरवून घेता येतं. ॲपलने 2021 मध्ये वारस-संपर्काची सोय केली. आपल्या 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही, आपल्यामागे आपले हक्क कुणी बजावायचे ते नेमून ठेवायची तरतूद आहे. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावतो तसं हे दिवाळीच्या सुट्टीत, दहा मिनिटं काढून, करून टाका. मी आग्रहाने सांगते आहे, कारण आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाचा फोन आजही कपाटात चार्ज करून ठेवलेला आहे, आणि त्याचा आकडा कुणालाच माहीत नाही.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लिहिणारे विनवणी करत: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून हिला जपा. आजी पावसाळा संपला की पोथ्यांना ऊन दाखवायची, गव्हाबरोबरच. मी तेच धरलं आहे. दर नवरात्रात एक दिवस फायलींचा. फोनमधले फोटो बाहेर काढायचे, हजारांतले शंभर निवडायचे, त्यांना नावं द्यायची: कोण, कुठे, कधी. एक प्रत घरातल्या डिस्कवर, एक भावाकडे, एक क्लाउडवर. लिहिलेलं सगळं युनिकोडमध्ये. आणि अगदी जिवाचं असेल ते कागदावर.

बाबांची चाळीस पानं मी गेल्या दिवाळीत छापून आणली, साध्या दोऱ्याने शिवली. पाडव्याला संध्याकाळी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. ती एक्याऐंशीची, ऐकायला कमी येतं. फोन दिव्याजवळ धरून मोठ्याने वाचत होते: मुक्कामी गाडी रात्री साडेनऊला गावात यायची आणि मारुतीच्या देवळापुढे उभी राहायची. आत्याने हात वर केला.

"अगं, देवळापुढे नाही. तिथे वळण घेता येत नव्हतं. चावडीपुढे लागायची. दादा विसरला."

मी पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं, चावडी. "पुढचं वाच," आत्या म्हणाली.