गोल नसलेला हिराही तितकाच चमकतो का?

लग्नसराई जवळ आली की सुलतान बाजारात साड्यांबरोबर दागिन्यांचीही चौकशी सुरू होते. हल्ली आपल्याकडची मुले-मुली अंगठीसाठी लंबगोल, चौकोनी किंवा थेंबाच्या आकाराचा हिरा मागतात. मग घरातली वडील माणसे विचारतात, "हा गोल हिऱ्यासारखा चमकेल का?" आमचे उत्तर असे की चमकेल, पण तो नीट पारखून घ्यायला हवा.

वरून आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवरून उलटून पुन्हा वरूनच बाहेर आला, तर हिरा चमकतो. गोल ब्रिलियंट कटाला ५७ किंवा ५८ पैलू असतात. त्याची प्रमाणे मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गणिताने मांडली. इतर आकारांना असे एकच सर्वमान्य माप नाही. त्यामुळे गोल हिऱ्याच्या प्रमाणपत्रात कटाचा दर्जा मिळतो, इतरांच्या प्रमाणपत्रात बहुधा पॉलिश आणि सिमेट्री एवढेच दिसते.

आपल्या निजामांचा जेकब हिरा गोल नाही. तो १८४.७५ कॅरेटचा, उशीसारखा चौकोनी आहे, तरी त्याला ५८ पैलू आहेत. त्र्यंबकेश्वरचा 'नासक' हिरा १८१८ मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १९४० मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा घडवून ४३.३८ कॅरेटचा केला. त्याआधी तो ८० कॅरेटहून अधिक होता. घाट साधण्यासाठी जवळजवळ निम्मे वजन सोडून दिले, यावरून घडणीची किंमत कळते.

खरेदीच्या वेळी पहिली गोष्ट पैलूंची पाहावी. ओव्हल, पेअर, मार्कीज, प्रिन्सेस, कुशन आणि रेडियंट यांना ब्रिलियंट पद्धतीचे पैलू असतात, म्हणून ते गोल हिऱ्याच्या जवळ जातात. एमरल्ड व ॲशर कटाचे पैलू पायऱ्यांसारखे असतात. त्यांची चमक आरशासारखी, रुंद आणि शांत असते, शिवाय आतला डाग चटकन दिसतो.

दुसरे, ओव्हल, पेअर आणि मार्कीजच्या मध्यभागी बो-टायसारखी काळी सावली पडते. हिरा हलवून पाहावा. सावली फिकट असून सरकत असेल तर चालेल, ठळक आणि जागची न हलणारी असेल तर तो हिरा नको.

तिसरे, सुटा हिरा छापील कागदावर सपाट बाजू वर करून ठेवावा. मधून अक्षरे वाचता आली, तर प्रकाश खालून निसटतो आहे असे समजावे. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली सगळेच हिरे चमकतात, म्हणून दाराशी येऊन सावलीतही पाहावे. पेअर व मार्कीजच्या टोकांशी पिवळसर छटा जास्त जाणवते आणि टोक टवकाही लवकर जाते, म्हणून तिथे कोंदणाची पकड भक्कम हवी.

राहिला पैशाचा प्रश्न. गोल हिरा घडवताना कच्च्या खड्याचा मोठा भाग वाया जातो, म्हणून त्याच वजनाचा व दर्जाचा इतर आकाराचा हिरा सहसा स्वस्त पडतो. मात्र बँकेत दागिन्यांवर कर्ज घेताना फक्त सोने मोजतात, खडे नाहीत. तेव्हा हिरा अडीअडचणीची पुंजी म्हणून नव्हे, तर हातात शोभावा म्हणून घ्यावा, आणि वाचलेल्या पैशातून वजन न वाढवता घडण उत्तम असलेला हिरा निवडावा.