खांदेदुखी : कारणे आणि उपचार

आमच्या अस्थिरोग विभागात खांद्याचे दुखणे घेऊन येणारा रुग्ण आपली व्यथा बहुधा रोजच्या कामांच्या भाषेत सांगतो. वेणी घालता येत नाही, दोरीवर ओले कपडे टाकता येत नाहीत, बसमधील वरची दांडी धरता येत नाही, पाठीमागच्या खिशातील पाकीट काढता येत नाही. आणि रात्री त्या कुशीवर वळले की झोप मोडते. ही वाक्ये आम्ही लक्षपूर्वक ऐकतो, कारण निदानाचा बराचसा भाग त्यांतच दडलेला असतो. यानंतरचा प्रश्न मात्र पुष्कळदा एकच असतो : ऑपरेशनला खर्च किती येईल? बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज नसते, हे सांगण्यासाठीच या अहवालातील ही पाने आम्ही खर्ची घालीत आहोत.

खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा फिरणारा सांधा होय. खुब्याच्या हाडाचे डोके खोल वाटीत बसलेले असते. खांद्याची खोबण मात्र उथळ असून दंडाच्या हाडाचे डोके तिच्यावर बशीत ठेवलेल्या चेंडूसारखे टेकलेले असते. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम सांध्याभोवतीचे पातळ आवरण आणि चार स्नायूंच्या कंडरा करतात. हात चहूकडे फिरावा यासाठी निसर्गाने स्थैर्याचा त्याग केला आहे आणि त्याची किंमत मुख्यतः या आवरणाला व कंडरांना मोजावी लागते. म्हणूनच खांदा दुखत असूनही क्ष-किरण चित्र पुष्कळदा निर्दोष येते.

तपासणीत आम्ही प्रथम रुग्णाला हात उचलावयास सांगतो व नंतर तोच हात स्वतः उचलून पाहतो. रुग्णाला उचलता येत नाही, पण आम्ही उचलला तर वर जातो, असे असेल तर दोष बहुधा कंडरेत असतो. दोघांच्याही प्रयत्नाने हात अडतो, विशेषतः कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवताना अडतो, आणि क्ष-किरण चित्रात सांध्याची झीज दिसत नाही, तेव्हा तो ‘आखडलेला खांदा’ समजावा. या तपासणीला दोन मिनिटे पुरतात. तिच्याआधीच एमआरआय काढून आणण्याची जी प्रथा पडली आहे, ती आम्हाला रुचत नाही. साठी उलटलेल्या अनेकांच्या कंडरांत, काहीही दुखत नसताना, लहानमोठी फाट आढळते. तिचे चित्र हाती पडले की रुग्ण घाबरतो आणि दुखण्याचे खरे कारण बाजूला राहते.

आखडलेला खांदा म्हणजेच फ्रोजन शोल्डर. बोस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली हे नाव रूढ केले. चाळीस ते साठ या वयात, स्त्रियांना काहीसा अधिक, हा विकार जडतो. सर्वसाधारण लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना तो होतो, असा अंदाज आहे. मधुमेहींमध्ये हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक आहे. म्हणून अशा रुग्णाची रक्तशर्करा आम्ही तपासून घेतो. खांद्यासाठी आलेल्याला आपला मधुमेह त्याच दिवशी प्रथम कळावा, असेही घडते.

या विकारात सांध्याचे आवरण सुजते, जाड होते व आकसते. पहिले काही महिने वेदना प्रबळ असते. पुढे वेदना ओसरते, पण ताठरपणा उरतो; आणि मग हालचाल हळूहळू परत येते. या साऱ्याला एक ते तीन वर्षे लागू शकतात. पहिल्या अवस्थेत सांध्यात दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन वेदना पुष्कळ कमी करते. मधुमेहींची साखर मात्र त्यानंतर काही दिवस वाढते, तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. वेदना आवाक्यात आली की व्यायाम. कळ सोसून हात ओढण्याचा व्यायाम या अवस्थेत अपायकारक ठरतो. नातेवाइकांनी तेल लावून जोर काढण्याचा आग्रहही धरू नये. ब्रिटनमधील ३५ रुग्णालयांतील ५०३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इंजेक्शनसह व्यायामोपचार, भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया या तीन मार्गांची तुलना केली होती. वर्षाअखेरीस कोणताही एक मार्ग इतरांहून ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणून आम्ही सर्वांत सौम्य मार्गाने आरंभ करतो.

कंडरांचे दुखणे वेगळे. रंगारी, सुतार, फळ्यावर लिहिणारे शिक्षक अशा हात वर ठेवून काम करणाऱ्यांत ते अधिक दिसते. कामात बदल, काही दिवस वेदनाशामक औषध आणि स्नायूंना क्रमाक्रमाने बळ देणारा व्यायाम यांनी तीन महिन्यांत बहुतेकांना आराम पडतो. कंडरेवरील हाड तासून जागा करण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास होत असे; २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत तिचा लाभ नुसती दुर्बीण घालून पाहण्यापेक्षा विशेष आढळला नाही. याला अपवाद आहे. पडल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला तर कंडरा पूर्ण तुटलेली असू शकते. अशा रुग्णाने थांबू नये, कारण काही आठवड्यांतच शिवलेली कंडरा अधिक चांगली जुळते. तरुणांचा खांदा निखळला असता तो जाणकाराकडूनच बसवावा. वारंवार निखळत असेल तर शस्त्रक्रिया करणे योग्य.

कधी दुखतो खांदा, पण दोष असतो अन्यत्र. मानेतील दबलेल्या शिरेची कळ खांद्यावरून हातात उतरते. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खांद्यात जाणवते. चालताना वा जिना चढताना छातीसह डावा खांदा भरून येत असेल, घाम सुटत असेल, तर अस्थिरोग विभागाची रांग न धरता तत्काळ हृदयाची तपासणी करावी. दीर्घकाळचा ताप व घटते वजन असेल तर क्षयाचा विचार करावा लागतो.

आता देणगीदारांसाठी थोडे. यंत्रासाठी देणगी सहज मिळते, कारण त्यावर नाव कोरता येते. खांद्याच्या उपचाराला मात्र भिंतीवरची कप्पी, दोरी, एक काठी आणि रुग्णाजवळ अर्धा तास उभा राहणारा व्यायामोपचारतज्ज्ञ इतकेच लागते. कप्पी-दोरीचा खर्च किरकोळ आहे; खरा खर्च त्या अर्ध्या तासाचा. रोजंदारीवरील रुग्णाची प्रत्येक फेरीला मजुरी बुडते, बसभाडे पडते, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर तो दिसेनासा होतो. व्यायामोपचारतज्ज्ञांच्या वेतनासाठी व गरजू रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी दिलेली देणगी अशा उपचाराला शेवटपर्यंत नेऊ शकते.

पक्षाघाताच्या रुग्णांच्या कुटुंबीयांना एक सूचना. दुर्बल बाजूचा खांदा स्नायूंच्या आधाराअभावी सैल झालेला असतो. रुग्णाला उठवताना त्या हाताला धरून ओढू नये, काखेत हात घालूनही उचलू नये. पाठीमागून खवाट्याला व कमरेला आधार द्यावा. बसवल्यावर तो हात लोंबकळत न ठेवता मांडीवरील उशीवर ठेवावा. हे करून दाखविण्यास वॉर्डमधील परिचारिकेस अवश्य सांगावे.